तुमच्यात आक्का म्हंजे काय?

आभाळातून माणूस शेतात उतरला तर आपण काय करू? धावत जाऊ, हाडबीड मोडलंय का पाहू, पाणी देऊ. म्हादूआबाही धावत जायचे, पाणीही न्यायचे. पण तांब्या त्या माणसाच्या हातात देण्याआधी आपल्याच हातात घट्ट धरून विचारायचे, "तुमच्यात आक्का म्हंजे काय?"

समोरचा अजून दोऱ्यांत गुंतलेला असायचा. डोक्यावर हेल्मेट, तोंड कोरडं पडलेलं, मागे भलीमोठी रंगीत छत्री भाताच्या धसकटांवर पसरलेली. त्यात हा धोतर-टोपीतला काटक म्हातारा पाण्याचा तांब्या दाखवून काहीतरी विचारतोय. पुष्कळांना वाटायचं, जमिनीचा मालक दंड मागतोय. ते खिशात हात घालायचे. मग आबा रागवायचे. "पैसं नगं. शब्द सांग."

कामशेतच्या आजूबाजूच्या डोंगरांवरून ही पॅराग्लायडिंग करणारी मंडळी उडतात. पाऊस सरला, भात निघालं, खाचरं मोकळी झाली की त्यांचा हंगाम सुरू. आमच्या वाडीत त्यांना 'छत्रीवाले' म्हणत. आमच्या म्हणायचं एवढ्यासाठी की तिथल्या शाळेत मी सतरा वर्षं मास्तर होतो. दोन खोल्या, चार इयत्ता. लोणावळ्याहून सकाळी यायचो, संध्याकाळी परत. आता निवृत्त होऊन लोणावळ्यात घरी बसलोय आणि त्या वाडीतल्या वाऱ्याची आठवण आली की उगाच गॅलरीत जाऊन उभा राहतो. समोर तीन मजली हॉटेल आहे. वारा त्याच्या पलीकडे असतो.

तर आबांचं खाचर शाळेला लागून. एखादा परदेशी उतरला की बांधावरून त्यांची हाक यायची, "गुर्जी, मानूस आलाय. इंग्रजी घिऊन या."

जणू इंग्रजी म्हणजे कपाटात ठेवलेला दोरखंड. माझं इंग्रजी चौथीच्या पुस्तकाला पुरून थोडं उरेल एवढंच होतं, पण वाडीत दुसरं कुणाकडे तेवढंही नव्हतं. मी मुलांना पाढे म्हणायला लावायचो आणि खडू हातात तसाच धरून धसकटांतून निघायचो. खडू लागायचाच. मिळालेला शब्द आबांच्या गोठ्याच्या दारावर लिहायचा, असा नियम होता. "लिवा गुर्जी" म्हणायचे आणि मी लिहीपर्यंत खांद्यावरून बघत उभे राहायचे. आबांना वाचता येत नव्हतं. पण कुठल्या ओळीत काय आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं.

पहिला शब्द दिल्लीच्या एका पोरगेल्या पायलटाचा. तो म्हणाला, "आका मतलब मालिक." आबा म्हणाले, "बरं. पटलं." तांब्या त्याच्या हातात गेला.

मग फिनलंडचा एक उंच माणूस आला. नाव सांगितलं होतं, पण मला ते तेव्हाही उच्चारता आलं नाही. प्रश्न ऐकून तो लाजला. त्याच्या भाषेत आक्का म्हणजे म्हातारी. साधी म्हातारी नव्हे, जरा तोंडाळ, खवट म्हातारी. असं बाईच्या तोंडावर म्हणू नये, असंही त्यानं बजावलं. मी भाषांतर केलं आणि आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. शेवटी ते पाणी त्यांनीच प्यायले. "बराबर बोलला," डोळे पुसत म्हणाले. "ह्याला दुसरा तांब्या आना."

पुण्यात शिकायला आलेला ताश्कंदचा एक विद्यार्थी म्हणाला, आमच्यात अका म्हणजे थोरला भाऊ. आबांना हे अजिबात रुचलं नाही. "भाऊ कसा थोरला आसंल? भाऊ धाकटाच आसतोय," असं त्यांनी त्याला बराच वेळ समजावलं. तो बिचारा मान डोलावत राहिला. शब्द दारावर लिहू दिला, पण अगदी तळाशी, जिथं म्हशीची शेपटी लागते तिथं.

आइसलंडची एक बाई आली. तिच्यात आका म्हणजे गाडी चालवणं. मी मास्तर असल्यामुळे मला असल्या गोष्टींची खाज. मोबाइलवर शोधाशोध केली, तर तिचा हा शब्द आणि आपल्या संस्कृतातला 'हाकणे' या अर्थाचा अज् हा धातू एकाच कुळातले निघाले. फिनलंडवाल्याच्या म्हातारीचा मात्र या कुळाशी काही संबंध नाही. ताश्कंदचा भाऊ तिसऱ्याच घरचा. आणि आपली आक्का म्हणे दक्षिणेकडून, कानडी मुलखातून चालत आपल्याकडे आली. चार वाटांनी आलेली चार माणसं, एकमेकांना न ओळखणारी, आणि चौघांचं तोंड सारखं. मी हे मोठ्या उत्साहानं आबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हाकायची. बैलगाडी लय झ्याक हाकायची."

कोण, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तेव्हा माझं लक्ष माझ्या विद्वत्तेवर होतं.

आबांच्या या वेडाचे काही नियम होते. महाराष्ट्रातला कुणी उतरला तर त्याला प्रश्न नाही. पाणी प्यायला देऊन रस्ता दाखवायचे. शब्द दारावर लिहिला की मग त्यावर चर्चा नाही. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट अशी की वाडीतले बाकीचे सगळे छत्रीवाल्यांना विचारायचे, वरून आमचं घर दिसतं का, आमची विहीर दिसते का, आमची बायको कुणाशी बोलत उभी आहे ते दिसतं का. आबांनी मात्र वरून काय दिसतं हे कधीच कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या कुणी विचारलं की ते तिथून उठून जायचे.

एकदा चेन्नईचा एक मुलगा उतरला. आबांनी त्यालाही प्रश्न विचारला. तो हसून म्हणाला, "अक्का? बडी बहन."

आबांनी त्याला पाणी दिलं. मग घरात जाऊन दही आणलं. मग गूळ आणला. निघताना दोन किलो इंद्रायणी तांदूळ त्याच्या पाठीवरच्या पिशवीत कोंबला. तो नको नको म्हणत होता, वजनानं उडता येणार नाही म्हणत होता. मी खडू घेऊन दाराशी गेलो तर आबांनी माझा हात धरला. "ह्ये नगं लिवू गुर्जी. ह्ये आपल्याला ठावं हाय."

त्या दिवशी मला पहिल्यांदा संशय आला की हे वेड दिसतं तसलं नाही.

उलगडा पारूमावशींनी केला. पारूमावशी म्हणजे आबांची मंडळी. आबा बाजाराला गेले होते, मी ओसरीवर चहा पीत होतो. मावशी सुपात वाल निवडत होत्या. बोलताना त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे.

आबांची आई ते पाच वर्षांचे असताना गेली. त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीनं. न्हाऊमाखू घातलं, भाकरी थापून भरवली, मारलं, गोठ्यात शेजारी घेऊन निजवलं. तिचं लग्न झालं मधल्या टेकाडाच्या पलीकडच्या वाडीत. चालत गेलं तर दीड तासाची वाट, पण दहा वर्षांच्या म्हादूला ती परदेशासारखी. तो जेवेना. तेव्हा बापानं युक्ती काढली. वरच्या बांधावर उंच बांबू रोवला आणि भात झोडून झालं की त्यावर लाल फडकं चढवायचं ठरवलं. टेकाड तेव्हा बोडकं होतं. पलीकडून फडकं दिसायचं. ते दिसलं की आक्का आपल्या दारच्या बांबूवर लाल फडकं लावायची. म्हणजे, पाहिलं, येते. दोन दिवसांत यायची. नव्या भाताचा पहिला भात तीच शिजवायची आणि मग स्वतःच्या हातानं बांधावरचं फडकं उतरवायची. वर्षानुवर्षं असंच चाललं. फोन आले तरी भाऊ-बहिणीनं फडकी सोडली नाहीत.

मग आबांच्या मुलीचं लग्न निघालं. आत्याला मानाची साडी लाल घ्यायची, असं आबांनी स्वतः कबूल केलं होतं. मांडवातल्या गडबडीत गठ्ठे बदलले आणि आक्काच्या ओटीत भलतीच पोपटी साडी पडली. आक्कानं अक्षता टाकल्या, जेवली, साडी घडी घालून बाजेवर ठेवली आणि चालत घरी गेली. रुसवा काढायला भाऊ येईल म्हणून ती तिकडे बसली. साडीसाठी कुणी रुसतं का, येईल आपली, म्हणून आबा इकडे बसले.

"त्या साली फडकं लावलं," मावशी म्हणाल्या. "पल्याडचा बांबू मोकळाच. मंग ह्यांनी घरात सांगून टाकलं, आजपास्नं तिचं नाव न्हाई काढायचं. तिकडची खबर आनायची न्हाई. कुनी सांगाया आलं तर उठून जायाचं. दुसऱ्या साली टेकाडावर बंगलं झालं. निलगिरी लावली. आता पल्याडचं काय दिसतंय."

"मग आबा फडकं का लावतात अजून?"

मावशींनी सूप आपटलं. "इचारा तुमी. मी इचारलं तर म्हंत्यात, पाखरं राखाया."

भात कापून घरात आल्यावर कसली पाखरं?

मग मला पहिला छत्रीवाला आठवला. आबा काठी घेऊन धावले होते त्याच्या अंगावर, आणि मी भाषांतराला. तो पोरगा म्हणत होता की वारा फिरला, मी घाबरलो, पण खाली हे लाल कापड दिसलं. त्याला ते वारा कळावा म्हणून उतरण्याच्या जागी लावतात तसलं निशाण वाटलं होतं. मी आबांना सांगितलं, "म्हणतोय, फडकं बघून आलो." आबांची काठी खाली आली. त्यांनी बांबूकडे पाहिलं, त्या पोराकडे पाहिलं. "फडकं बघून आला," असं दोनदा म्हणाले. आणि मग तो प्रश्न पहिल्यांदा विचारला.

आता कळलं. घरात तो शब्द त्यांनी स्वतःच बंद केला होता. गावात काढायची सोय नव्हती, काढला तर माघार झाली असती. आभाळातून येणाऱ्याला काय माहीत आक्का कोण आणि साडी कुठली? त्याच्यापुढे तो शब्द मोकळेपणानं उच्चारता यायचा. पुन्हा त्याच्याकडून ऐकायलाही मिळायचा. इतकी वर्षं मी दारावर शब्दकोश लिहितोय असं समजत होतो आणि हा माणूस आपल्या बहिणीला हाक मारत होता. मला माझीच लाज वाटली.

पण बहिणीकडे जा, हे आबांना सांगणार कोण? दोन-तीनदा मी विषयाच्या जवळपास गेलो. आबा म्हणाले, "गुर्जी, पोरं दंगा करत्यात बघा शाळंत." शाळा त्या दिवशी बंद होती.

मी निवृत्त व्हायच्या आधीची थंडी. तळेगावकडच्या एका कारखान्यात आलेली एक जपानी इंजिनिअर बाई दुपारी खाचरात उतरली. अगदी अलगद उतरली. धसकटसुद्धा मोडलं नसेल. आबा तांब्या घेऊन हजर, मी खडू घेऊन. प्रश्न झाला. मी तो इंग्रजीत केला.

बाईनं थोडा विचार केला. मग बोलण्याऐवजी बोट वर केलं. बांबूवर फडकं फडफडत होतं. "आका," ती म्हणाली.

"लाल," मी आबांना सांगितलं. "त्यांच्यात आका म्हणजे लाल."

तिनं आणखी समजावलं. पहाट फुटते, उजेड होतो, त्या शब्दाचा आणि याचा उगम एकच म्हणे. मी तेही आबांना सांगितलं. आबा मान हलवत होते. शब्द त्यांना आवडला होता. तांब्या पुढे झाला.

तो घेता घेता बाईनं दुसरा हात बंगल्यांच्या दिशेनं केला. "तिकडे पण आका. दोन आका."

मी सवयीनं भाषांतर करून टाकलं. "म्हणतायत, तिकडे पण लाल आहे. दोन लाल आहेत." वाक्य तोंडातून गेल्यावर ते मला ऐकू आलं.

तांब्या दोघांच्या हातात तसाच राहिला. आबा सोडेनात, बाई ओढेना.

"इचारा," आबा म्हणाले. "कुटं."

तिच्या हेल्मेटला कॅमेरा होता. त्यातला व्हिडिओ तिनं मोबाइलवर लावून दाखवला. टेकाड, बंगल्यांची निळी तळी, निलगिरीची रांग, आणि त्याच्या पलीकडे एक लहानशी वाडी. एका दारात बांबू. त्यावर एक लाल ठिपका. आबांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं, चित्र थांबलं. त्यांना वाटलं आपण काहीतरी मोडलं. बोट तसंच ठेवून म्हणाले, "ह्यो आंबा तिच्या दारचा. मीच लावलाय त्यो."

"किती दिवस आहे ते?" मी विचारलं.

बाई म्हणाली, मी तीन वर्षं उडते, दर थंडीत बघते. जुने पायलट सांगतात की त्याच्याही आधीपासून आहे. आम्ही डोंगरावरून निघाल्यावर दोन्ही निशाणं पाहून वाऱ्याचा अंदाज घेतो. दोन्ही सारखीच उंच आहेत, एकाच माणसानं लावल्यासारखी.

वर उडणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या देशांच्या लोकांना. आबांनी तेवढं एकच विचारलं नव्हतं.

आबांनी तांब्या सोडला. टोपी काढून पुन्हा घातली. "गुर्जी, गाडीत पेट्रोल हाय का?"

मी म्हटलं, शाळा सुटायला तास आहे, रविवारी निवांत जाऊ. ते जाऊन माझ्या स्कूटरवर बसले. सरकारी हजेरीपटात त्या दिवशी शाळा वेळेवरच सुटलेली आहे.

पारूमावशी पिशवीत नवा तांदूळ घेऊन धावत आल्या. म्हणाल्या, जाताना बाजारातनं लाल साडी घ्या. आबा म्हणाले, "साडी न्हाई न्यायची. साडी नेली तर तिला वाटंल, ती साडीसाठी रुसलीवती असं मी धरून चाललोय." एवढी बारीक समज असलेला माणूस इतकी वर्षं घरी बसून राहिला, याचं मला वाईटही वाटलं आणि चीडही आली. मी स्कूटर सुरू केली. रस्ता टेकाडाला वळसा घालून जातो, खड्डे भरपूर. आबांनी पूर्ण वाटेत माझा सदरा मुठीत धरला होता.

अंगणात एक म्हातारी तांदूळ पाखडत बसली होती. डोळ्यांनी फारसं दिसत नसावं. स्कूटर थांबल्यावर तिनं सूप खाली ठेवून मान वर केली. "कोन हाय?"

आबा पिशवी धरून उभे. जगभरच्या माणसांना प्रश्न विचारलेला माणूस, इथं नुसती टोपी सारखी करत होता. मी पुढे होणार तेवढ्यात ते म्हणाले,

"आक्का."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता. असा कधी ऐकला नव्हता.

म्हातारीनं सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "तुजं फडकं दिसंना झालं. मी आपलं लावत गेले."

"मी बी लावत गेलो."

"त्ये उतरव आधी," ती बांबूकडे हात करून म्हणाली. "किती दिस वर ठिवायचं. आनि हातपाय धू. तसाच घरात शिरू नगं."

आबा बांबूपाशी गेले. गाठ लवकर सुटेना. मी मदत केली नाही. स्कूटरकडे तोंड करून उगाच आरसा पुसत राहिलो आणि डोळेही.

दोन्ही फडकी उतरल्यावर छत्रीवाल्यांची मात्र पंचाईत झाली. दोन जण तळ्यात उतरले, एक कुणाच्या तरी बंगल्याच्या गच्चीवर. तेव्हा पारूमावशींनी ट्रंकेतून ती पोपटी साडी काढून आबांना दिली. ती आता वरच्या बांधावर बाराही महिने असते. लांबून दिसते चांगली.

गेल्या थंडीत मला वाडीतून निरोप आला की नवा भात शिजतोय, या. गेलो. चुलीपुढे आक्का बसली होती आणि पारूमावशींना तांदळात पाणी किती घालायचं यावरून बोलत होती. फिनलंडवाल्यानं सांगितलेला अर्थ मला आठवला, तो मी मनातच ठेवला. गोठ्याच्या दारावरचे माझे खडूचे शब्द आता पुसट झाले होते. मी खिशात खडू घेऊन गेलो होतो. कुणी लिवा म्हणालं नाही.

इतक्यात खाचरात छत्री उतरली. हेल्मेट काढलं तर तोच फिनलंडचा उंच माणूस. पुन्हा या मुलखात आला होता. केस पांढरे झाले होते. आबा तांब्या घेऊन गेले आणि काही न विचारता त्याच्या हातात दिला. तो पाणी पिऊन थांबला. इतक्या लांबून येताना त्यानं उत्तर तयार ठेवलं असावं. प्रश्न येईना तेव्हा त्यालाच राहवेना. त्यानं भुवया उंचावून विचारलं, "आक्का?"

"हाय," आबा म्हणाले. "घरात हाय. चला जेवाया."